आधी माती, मग चकाकी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या तुकडीने शाळेला स्केटिंग रिंक द्यायचं ठरवलंय. मी सॉफ्टवेअरवाली, सिव्हिलची नव्हे. पण गेले दोन महिने ठेकेदारांच्या मागे फिरून जे कळलं, ते सांगते.

सभागृहासमोरची शहाबादी फरशी आठवते? पान्याने लांब-आखूड होणाऱ्या लोखंडी स्केटचा एकच जोड, आणि रांगेत आपण सगळ्या. एका पावसाळ्यानंतर एक फरशी बोटभर वर आली होती. तिला माझं चाक अडलं आणि मनगट मोडलं. सगळे मला म्हणाले, 'बघून चालवायचं ना!' फरशी का उचलली, हे कुणीच विचारलं नाही. आपल्या शेंद्र्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरच्या फरशीला ती स्वस्थ बसू देत नाही.

आज आपल्यापुढे दोन कोटेशनं आहेत. पहिलं स्वस्त: जुन्या कोब्यावरच इपॉक्सीचा चकचकीत थर. पण उघड्यावर उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, धूळ-पाण्याने निसरडं होतं. आणि खालचा कोबा तडकला की तेही तडकतं.

दुसरं जवळपास दुप्पट खर्चाचं. काळी माती काढायची, मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबायचा, वर ट्रिमिक्स काँक्रीट. एमआयडीसीच्या शेडमध्ये असतं तेच: ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी पंपाने ओढून घेतात, मग यंत्राने घोटतात. साधारण चार-चार मीटरवर खाचा कापायच्या, म्हणजे तडा गेलाच तर त्या रेषेत जातो. त्या खाचा मात्र लवचीक मसाल्याने काठोकाठ भरायच्या, नाहीतर चाक तिथेच अडणार. पाणी साचू नये म्हणून दर मीटरला सेंटीमीटरभर उतार द्यायचा. आणि २८ दिवस त्यावर स्केट नाही. उद्घाटनाची तारीख त्या हिशेबाने ठरवू.

पैसे पुरणार नसतील तर रिंक लहान करू, पण माती काढूनच करू. आपला निम्मा पैसा जमिनीखाली जाईल, त्याचा फोटो स्मरणिकेत येणार नाही. तरीही दुसऱ्या कोटेशनसाठी हात वर करा, एवढीच विनंती.