यकृत प्रत्यारोपण : निर्णयापूर्वी जाणून घ्यावे असे काही

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. तरीही आज मी यकृत प्रत्यारोपणावर बोलणार आहे. आपल्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही. आपण रुग्णांना मोठ्या शहरातील केंद्राकडे पाठवतो. परंतु डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेले कुटुंब पुढे येते ते माझ्या टेबलासमोर, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "खर्च किती येईल?" या प्रश्नाचे उत्तर अपुरे दिले तर काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी कुटुंब माझ्याकडे आले होते. वडिलांना सिरॉसिस झालेला, आणि मुलगा यकृताचा भाग देण्यास तयार. मी शहरातील केंद्राकडे चौकशी करून शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्च त्यांना कागदावर लिहून दिला. त्यांनी जमीन विकून तेवढीच रक्कम उभी केली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. आठव्या महिन्यात मात्र रुग्णाला पुन्हा कावीळ झाली. चौकशीअंती कळले, की पैसे संपल्यामुळे ते गोळ्या दिवसाआड घेत होते. नव्या यकृताला शरीर नाकारू लागले होते. वेळीच उपचार मिळाल्याने यकृत वाचले. पण वाचवलेल्या गोळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च त्या मुक्कामात झाला. मुलगा मला एवढेच म्हणाला, "साहेब, औषधांचं आधी सांगितलं असतं, तर एक एकर मागे ठेवला असता." या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे बोलणे हे त्याचेच उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम आजाराविषयी. प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. मद्यपान, हिपॅटायटिस बी व सी आणि स्थूलता-मधुमेहाशी निगडित चरबीयुक्त यकृत ही ते निकामी होण्याची प्रमुख कारणे. लहान बालकांत पित्तनलिकांच्या जन्मजात दोषामुळेही ही वेळ येते. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, झोपेचे चक्र उलटणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसली, की प्रत्यारोपणाचा विचार लांबवू नये. आमच्याकडील दुःखद अनुभव असा, की पुष्कळ कुटुंबे रुग्ण अतिदक्षता विभागात गेल्यावर हा विषय काढतात. रुग्ण जितका खंगलेला, तितकी शस्त्रक्रिया अधिक जोखमीची.

मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत केले; तो रुग्ण वाचला नाही. १९६७ साली प्रथम यश आले. आपल्या देशात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि १९९८ पासून यशस्वी यकृत प्रत्यारोपणे होऊ लागली. आज चांगल्या केंद्रांत दहापैकी सुमारे आठ-नऊ रुग्ण शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष पार करतात. म्हणजे आशा मोठी आहे. पण हमी नाही.

यकृत मिळण्याचे मार्ग दोन. पहिला, मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे यकृत. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू प्रमाणित करते. त्यानंतर नातेवाइकांच्या संमतीनेच अवयव घेतले जातात. यासाठी रुग्णाचे नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत असावे लागते. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. ओळख वा देणगी यांनी त्या यादीत क्रम वर सरकत नाही. बोलावणे मध्यरात्रीही येऊ शकते. म्हणून दूरध्वनी सुरू, कागदपत्रे एका पिशवीत आणि वाहनाची सोय ठरलेली असावी.

दुसरा मार्ग जिवंत दात्याचा. आपल्या देशात बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे याच मार्गाने होतात. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा व नातवंडे यांना कायदा निकटचे नातेवाईक मानतो. इतरांसाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. अवयवाची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा असून २०११ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच ते दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. प्रौढ रुग्णासाठी बहुधा दात्याच्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे सुमारे साठ टक्के, काढतात. उरलेले यकृत दोन-तीन महिन्यांत बरेचसे पूर्ववत वाढते. तरीही दात्याच्या जिवालाही धोका असतो. तो अल्प आहे, पण शून्य नाही. म्हणून माझी हात जोडून विनंती, की घरातल्या सुनेवर किंवा धाकट्या भावावर भिडेचे ओझे टाकू नका. दात्याला एकांतात 'नाही' म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. तसेच दात्याच्या तपासण्या पूर्ण होण्याआधी जमीन वा दागिने विकू नका. यकृतात चरबी आढळल्याने दाता अपात्र ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

शस्त्रक्रिया आठ ते बारा तास, कधी त्याहून अधिक चालते. बाहेर बसलेल्यांना निरोप उशिरा आला म्हणजे विपरीत घडले असे समजू नये. त्यानंतर काही दिवस अतिदक्षता विभाग आणि एकूण दोन ते तीन आठवडे रुग्णालयात मुक्काम. दात्याचा मुक्काम साधारण आठवडा-दहा दिवसांचा. रक्तस्राव, पित्ताची गळती, रक्तवाहिनीत गुठळी, जंतुसंसर्ग आणि शरीराने यकृत नाकारणे हे संभाव्य धोके. घरी सोडल्यावरही काही महिने तपासणीसाठी वारंवार जावे लागते; त्यामुळे केंद्राजवळ भाड्याच्या खोलीची तजवीज करावी.

आता माझ्या चुकीचा विषय. खासगी केंद्रांत या शस्त्रक्रियेस वीस लाख रुपये किंवा त्याहूनही अधिक लागतात. हा झाला एकदाचा खर्च. हिशेबाच्या भाषेत दुसरा असतो आवर्ती खर्च, आणि इथे तो आयुष्यभराचा आहे. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे ठरल्या वेळी, रोज, न चुकता घ्यावी लागतात. औषधाची रक्तातील पातळी तपासायची असेल त्या सकाळी रक्त दिल्यानंतरच गोळी घ्यावी. वेदनाशामके, काढे, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ताप आला तर वाट न पाहता केंद्राला कळवावे. मद्य कायमचे वर्ज्य. एवढे पाळले, तर बहुतेक रुग्ण तीन ते सहा महिन्यांत कामावर परततात.

म्हणून आता माझ्या टेबलावरून कोणत्याही कुटुंबाला एकच आकडा दिला जात नाही. त्या कागदावर चार ओळी असतात : शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, शस्त्रक्रिया, शहरातील निवास आणि पहिल्या दोन वर्षांची औषधे. मदतीसाठी मुख्यमंत्री साहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी आणि २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या प्रत्येकी दहा टक्के खाटा यांची माहिती आमचा समाजसेवा विभाग देतो व अर्जही भरून देतो.

देणगीदारांना एक विनंती करून थांबतो. शस्त्रक्रियेसाठी आवाहन केले की समाज धावून येतो, हा आपला अनुभव आहे. आठव्या महिन्यातील गोळ्यांसाठी मात्र कोणी आवाहन करत नाही. तेव्हा आपल्या देणगीतील काही वाटा अशा रुग्णांच्या औषधांसाठी राखून ठेवण्याची मुभा विश्वस्त मंडळाला द्यावी. कोणत्याही मुलाला आपल्या दारात पुन्हा त्या एका एकराची आठवण काढावी लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.