हातातला दिवा आणि त्याचा भरवसा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण यांवर ऐकण्याची आपणांस सवय आहे. आम्ही आज घेतलेला विषय घराघरांतल्या खुंटीवर टांगलेला आहे. तो म्हणजे चार्ज करून वापरायची एलईडीची विजेरी. विषय क्षुल्लक वाटेल; पण उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी असलेल्या आपल्या चोपडा तालुक्यात तो क्षुल्लक नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की केळीला, कपाशीला पाणी भरण्यासाठी माणूस अंधारात बांधावर जातो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. तरी रात्रीचे पाणी अजून सर्वस्वी सुटलेले नाही. आणि घोणस व मण्यार ह्यांचाही फिरण्याचा वेळ रात्रीचाच. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती. पाऊल कोठे पडते आहे हे दिसणे, ही चैनीची गोष्ट नव्हे.

गावात या दिव्याला कोणी विजेरी म्हणत नाही; सारे 'बॅटरी' म्हणतात. भाषेच्या पंडितांना ते खटकेल, पण शास्त्राच्या दृष्टीने लोकांचेच बरोबर आहे. या वस्तूचे खरे आयुष्य दिव्यात नसून बॅटरीत आहे, आणि आम्हांला आज एवढेच सांगायचे आहे.

आधी दिव्याकडे पाहू. जुन्या टॉर्चमध्ये बारीक तार तापून उजेड पडे. एक वॅट विजेपासून ढोबळमानाने १० ल्यूमेन उजेड मिळे. बाकीची वीज उष्णतेत जाई, आणि टॉर्च हातातून पडला की तार तुटे. एलईडीत तार नाही. निळा प्रकाश देणाऱ्या एका इवल्या स्फटिकावर पिवळसर लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो. या निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्यूमेनहून अधिक उजेड देतो आणि बेताने वापरला तर हजारो तास टिकतो. तेव्हा विजेरी बिघडली म्हणजे दिवा गेला, असे सहसा नसते.

मग जाते काय? बहुधा बॅटरी. बाजारात प्रामुख्याने दोन जाती दिसतात. स्वस्त, वजनदार विजेऱ्यांत पुष्कळदा शिशाची चार व्होल्टची बॅटरी असते. ती उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर क्षाराचे कठीण स्फटिक धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही. आमच्याच घरी हिवाळ्यात कपाटात ठेवलेली विजेरी पहिल्या पावसाच्या रात्री काढली, तर तिच्यात काजव्याएवढाही उजेड नव्हता. दोष ठेवणाऱ्याचाच होता. शिशाची बॅटरी भरून ठेवावी आणि वापर नसला तरी दर दोन महिन्यांनी पुन्हा भरावी.

दुसरी जात लिथियमची. हिची रीत उलटी. पूर्ण भरून उन्हात ठेवणे हाच हिचा ऱ्हास. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या डिकीत तो त्याहून वर. दीर्घकाळ ठेवायची तर अर्धी भरून, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावी. सेल फुगला तर तो लगेच वापरातून काढावा. तो उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असा जो नेहमीचा लिथियम सेल, त्यात फार तर ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास वीज मावते. त्यावर ९९०० छापलेले दिसले, तर तो सेल खोटे बोलतो आहे हे निश्चित समजावे. २००० चा प्रामाणिक सेल ३.७ व्होल्टने गुणला तर ७.४ वॅट-तास होतात. एक वॅटचा दिवा त्यावर सात तास चालेल. चारपाचशे वेळा चार्ज झाल्यावर सुमारे चार पंचमांश क्षमता उरते, म्हणजे तोच दिवा सहा तासही गाठणार नाही. शिवाय खोक्यावरचे तास मोजण्याची एक अमेरिकन रीत आहे, ती २००९ ची. तिच्यात उजेड आरंभीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा सारा वेळ धरतात. त्या अखेरच्या तासांत बांधावरचा साप दिसेलच असे नाही.

म्हणून परीक्षा आपणच घ्यावी. नवी विजेरी पूर्ण भरून अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून लावावी आणि दर तासाला त्या उजेडात वर्तमानपत्र वाचून पाहावे. नुसत्या डोळ्यावर भिस्त ठेवू नये. उजेड हळूहळू घटला तर डोळ्याला ते कळत नाही. अक्षरे लागेनाशी झाली की तास वहीत लिहावेत आणि विजेरी त्याच रात्री पुन्हा भरावी. दर वर्षी मृगाच्या आधी हीच परीक्षा पुन्हा घेतली, की बॅटरी किती खचली ते वहीच सांगेल.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. बटण घट्ट आहे काय, चार्जिंगच्या छिद्रावर रबराचे झाकण नीट बसते काय, आणि मुख्य म्हणजे सेल काढून दुसरा घालता येतो काय. डाक देऊन कायमचा बसवलेला सेल खचला, की धडधाकट दिव्यासह सारी विजेरी भंगारात जाते.

पहिल्या रात्री दुकानाबाहेर लखलखते ती विजेरी चांगली, असे आपण समजतो. शंभराव्या रात्री, चिखलात, पाणी भरून परतणाऱ्याला घराचे दार दिसेपर्यंत जी साथ देते, ती चांगली. आपल्या घरातून रात्री शेतावर कोणी जात असेल, तर त्याच्या हातातली बॅटरी आज घरी गेल्यावर एकदा लावून पाहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.