पडद्यावरचा मोर्चा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



मला 'असंघटित क्षेत्रातील स्त्री' या विषयावर बोलायला सांगितलंय. घरकामगार, कचरावेचक, विडी कामगार यांच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त अधिकारानं बोलणाऱ्या इथं समोर बसल्या आहेत. म्हणून मी एकाच बाईच्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. तो तिचा सिनेमाच्या सेटवरचा पहिला दिवस होता. ती हिरॉइन नव्हे, गर्दीतली बाई.

तिचं नाव सांगत नाही, तिनं नको म्हटलंय. आमच्या वस्तीतल्या बचत गटातली आहे, चाळिशीची. दोन घरी पोळ्या लाटते. नवऱ्याचं काम सुटल्यावर हप्ते थकले, तेव्हा शेजारीण म्हणाली, "माझ्याबरोबर चल, ज्युनियरचं काम मिळवून देते." ही शेजारीण बरीच वर्षं गर्दीत उभी राहते. सिनेमाच्या लोकांना गर्दी पुरवणारा एक कोऑर्डिनेटर असतो, त्याच्या हाताखाली त्याची माणसं असतात, आणि या साखळीच्या अगदी टोकाला ती बाई. निर्मात्याचं नावही तिला माहीत नसतं.

आदल्या रात्री निरोप आला. सकाळी सातची शिफ्ट. तीन साड्या घेऊन ये. पांढरी नको, बारीक चौकड्यांची नको, कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. कपडे तिचे, इस्त्री तिची, बसचं भाडं तिचं. पहाटे साडेतीनला उठून तिनं घरचा स्वयंपाक केला आणि मालाडच्या पुढं, समुद्राच्या बाजूला एका भाड्याच्या मैदानावर जाऊन पोचली. तिथं प्लायवूडचा रस्ता उभा केला होता. दुकानांना पुढून पाट्या, मागून नुसते बांबू. तिला त्याचं फार हसू आलं.

पहिला शॉट लागायला अकरा वाजले. तोपर्यंत उन्हात बसून राहायचं. आणि प्रसंग कुठला, तर महागाईविरुद्ध बायकांचा मोर्चा! प्रत्येकीच्या हातात एकेक लाटणं दिलेलं. आता हिची सासू १९७२ च्या लाटणं मोर्चात गेलेली बाई. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीच्या त्या मोर्चांच्या गोष्टी ऐकतच ही त्या घरात नांदली. तिनं त्या धाकट्या असिस्टंटला सांगितलं, "अहो, लाटणं पूजेच्या उदबत्तीसारखं नाही धरत. उंच धरतात." तो म्हणाला, "मावशी, डोकं नका चालवू, फक्त चाला." मग त्या चालल्या. सतरा वेळा. घोषणा तोंडातल्या तोंडात, कारण आवाज नंतर घालणार होते. मला सांगताना ती म्हणाली, "ताई, आवाज काढायचा नाही असा मोर्चा मी पहिल्यांदा पाहिला."

इथपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

त्या दिवशी तिची पाळी चालू होती. मोठ्या नटनट्यांसाठी व्हॅनिटी गाड्या उभ्या होत्या. बाकी सगळ्यांसाठी, बायका-पुरुष मिळून, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला एक संडास. त्याला कडी नव्हती. जायचं तर कुणाला तरी दाराशी उभं करायचं, आणि मध्येच शॉट लागला तर ओरडा खायचा. शेजारणीनं निघतानाच बजावलं होतं, "पाणी पिऊ नकोस." जेवणानंतर कथेतला दुसरा दिवस म्हणून साडी बदलायची होती. ती त्या प्लायवूडच्या भिंतीमागं. लाइटवाले शिडीवर, आणि खाली दोघींनी चादर धरून तिसरीनं बदलायचं.

हे वाचून कुणाला वाटेल, एखाद्या भिकार निर्मात्याची ही गोष्ट. तसं नाही. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला, तिथल्या स्त्रियांनी एकत्र येऊन आवाज उठवला आणि न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला दिला गेला आणि लोकांपुढं आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग झाकून. वर्तमानपत्रांनी त्यातली बड्या नटांची कुजबूज उचलली. पण त्याच अहवालात सेटवर संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही, म्हणून बायका पाणी पीत नाहीत आणि दुखणी अंगावर काढतात, हेही लिहिलंय. मला स्वतःला हीच पानं जास्त महत्त्वाची वाटतात.

आता पुढं. गर्दी रचणारा एक माणूस होता. कुणाला पुढं घे, कुणाला मागं. दंडाला धरून सरकवायचा. हिला दोनदा कमरेला धरून सरकवलं. तिसऱ्या वेळेस ती मोठ्यानं म्हणाली, "दादा, हात नका लावू. तोंडानं सांगा, मी सरकते."

एवढंच. शिवी नाही, थोबाडीत नाही. पण सगळं मैदान गप्प झालं. बाजूच्या बायकांनी माना खाली घातल्या. तिला पार मागच्या रांगेत नेऊन उभं केलं, जिथं कॅमेरा पोचतच नव्हता. रात्री पैसे वाटताना कोऑर्डिनेटरच्या माणसानं आपला कट नेहमीपेक्षा जास्त कापला आणि म्हणाला, "तुला फोन येणार नाही."

हे ऐकून मला, खरं सांगते, आनंदच झाला. आपल्या गटातली बाई बोलली! मी पुढच्या बैठकीत सर्वांसमोर तिचं कौतुक केलं. त्यावर शेजारीण उठून उभी राहिली. तिला पंधरा दिवस एकही फोन आला नव्हता, कारण हिला तिनं आणलं होतं. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही हिला बोलायला शिकवलंत. पोट माझं गेलं." मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई, माझ्याकडं उत्तर नव्हतं. मान खाली घालणाऱ्या बायका घाबरट आहेत असं मी मनात धरून चालले होते. त्यांना त्या गप्प बसण्याची किंमत माझ्यापेक्षा नेमकी ठाऊक होती.

मग मी कायदा काढून बसले. १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आपण सगळ्यांनी घोटलेली आहेत. २०१३ च्या कायद्यानं त्यांची जागा घेतली. त्यातली व्याख्या नीट वाचा. थेट कामावर घेतलेली असो वा कंत्राटदारामार्फत, मूळ मालकाला ती माहीत असो वा नसो, रोजंदारीवर असो, ती कर्मचारीच. म्हणजे गर्दीतली बाईसुद्धा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथं अंतर्गत समिती हवी. नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. लेखी करार हवा हे १९८१ च्या सिने कामगार कायद्यात होतं, आता २०२० च्या संहितेतही आहे. आमच्या बाईच्या हातात त्या दिवशी कागदाचा कपटा आला नाही. मग तक्रार कुणाविरुद्ध लिहायची? निर्माता म्हणेल, बाई कोऑर्डिनेटरची. कोऑर्डिनेटर म्हणेल, सेट निर्मात्याचा. ज्युनियर कलाकार बायकांची संघटना मुंबईत आहे, पण पहिल्या दिवशी आलेल्या बाईकडं कार्ड कुठून असणार?

संघटना असली की सगळं झालं, असंही नाही बरं का. बायकांनी केशरचना करावी, रंगभूषा मात्र पुरुषांचीच, हा नियम सिनेमाच्या संघटनेनंच वर्षानुवर्षं चालवला. तो मोडायला चारू खुराना आणि इतर काही जणींना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल लागला २०१४ साली. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई १९१३ मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या त्याला तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती.

मी कचेरीत जाऊन स्थानिक समितीची चौकशी केली. दोन मजले फिरल्यावर एका टेबलाशी पत्ता लागला. तुमच्यापैकी किती जणींनी आपल्या जिल्ह्याची समिती प्रत्यक्ष पाहिली आहे? हात वर करा. ... तीन.

अर्ज मी लिहून ठेवला आहे. निर्मितीसंस्थेचं नाव शेवटी शेजारणीकडूनच मिळालं. तिनं सेटवर जेवणाच्या टेम्पोवर चिकटवलेला कागद वाचला होता. मुदत संपायला एकोणीस दिवस उरले आहेत. आमची बाई म्हणते, "शेजारीण साक्षीदार म्हणून सही करणार असेल तर मी अंगठा नाही, सही करते." शेजारणीला गेल्या आठवड्यापासून परत फोन यायला लागले आहेत. परवा ती आमच्याकडं आली, अर्ज वाचून दाखवायला सांगितला, दोनदा ऐकला. म्हणाली, "कमरेला दोनदा नाही, तीनदा. पहिल्यांदा हिला कळलंच नव्हतं. मी पाहिलं होतं."

ते मी अर्जात दुरुस्त केलंय. सही अजून व्हायची आहे.