बूस्टचा आकडा कोण ठरवतं?



टर्बोच्या गाडीवर थोडंफार काम करून घेतलेला तरुण भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, किती पीएसआय चालेल?" एअर फिल्टर बदललेला असतो, डाउनपाइप आणि सायलेन्सर मोकळा केलेला असतो, कुठूनतरी रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा (ईसीयूचा) बदललेला प्रोग्रॅम, मारून घेतलेला असतो. आता त्याला फक्त एक आकडा हवा असतो. तो मी देत नाही, कारण सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नसतोच. एकाच गाडीला जानेवारीत जेवढा बूस्ट झेपतो तेवढा मे महिन्यात झेपत नाही; मुंबईत झेपतो तो महाबळेश्वरला झेपेलच असं नाही. बूस्ट बेतायचा तो गाडीच्या सगळ्यात वाईट दिवसावर. ४२ अंशांचं ऊन, चार माणसं, एसी चालू, पुढे घाट, आणि टाकीत रस्त्यावरच्या कुठल्यातरी पंपावरचं साधं पेट्रोल. त्या दिवशी जे इंजिन सुखरूप राहतं, त्याचाच बूस्ट बरोबर लावलेला आहे.

आधी हवेचं गणित पाहू. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो आणि इंजिनात हवा दाबून भरतो. बाहेरच्या हवेपेक्षा जो जादा दाब मिळतो तो बूस्ट. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं बूड हाताला चटका देतं तशी. बाहेर ४० अंश असताना ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरने ०.७ बार बूस्ट दिला तर हवा साधारण ११३ अंशांना बाहेर पडते. बूस्ट १ बार केला की ती १३८ ला जाते. आणि कंपनीचा छोटा टर्बो त्याच्या कुवतीपलीकडे पळवला, कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली, तर त्याच १ बारला १५४. इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढून घेतो, पण पूर्ण पाय दाबून घेतलेल्या लागोपाठच्या ओढींत तोही तापतो. म्हणजे शेवटच्या दोन-तीन पीएसआयमध्ये ताकद थोडी वाढते आणि ताप फार वाढतो.

यात उंचीची भर पडते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०१ बार, पुण्यात सुमारे ०.९५, महाबळेश्वरला ०.८६. आजकालचे बरेच ईसीयू एकूण दाब, म्हणजे बाहेरची हवा अधिक बूस्ट, ठरावीक ठेवायला बघतात. एकूण २ बार हवा असेल तर मुंबईत टर्बोला हवा दुप्पट दाबावी लागते; महाबळेश्वरला २.३३ पट. गाडी वर चढते तसा टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते, आणि चालवणाऱ्याला पिकअपमध्ये काहीच फरक जाणवत नाही. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये यासाठी मर्यादा घातलेल्या असतात. स्वस्तातला रीमॅप करणारा त्या मर्यादा काढून टाकतो, आणि तीच गाडी लडाखला निघते, जिथे खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब जवळपास निम्माच उरतो. रीमॅप करून घेताना 'उंचीच्या मर्यादा तशाच ठेवल्यात ना?' हे विचाराच. उत्तर देताना समोरचा अडखळला तर गाडी परत घेऊन या.

आता मुख्य शत्रूकडे येऊ. प्लगची ठिणगी पडते, ज्योत पसरत जाते, आणि तिच्या पुढ्यात कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि तापानं आपोआप भडकतं. यालाच गाडी नॉक मारते म्हणतात. दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये सेकंदाला सहा-सात हजार कंपनांनी आदळतात, धातूवरचा वायूचा संरक्षक थर उडून जातो, आणि ज्वाळांची उष्णता थेट ॲल्युमिनियमला भिडते. असा प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या पोर्सेलीनवर काळे बारीक ठिपके दिसतील, आणि त्यांच्यात चकाकणारे, सुईच्या टोकाएवढे गोळे. ते गोळे म्हणजे वितळलेला पिस्टन. एवढं दिसलं की काम तिथंच थांबवायचं. पुढची पायरी म्हणजे पिस्टनच्या दोन रिंगांमधला कडेचा तुकडा तुटणं, आणि मग इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही.

या शत्रूशी नीट बोलणी केली ती स्वीडनच्या साब कंपनीने. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलच्या जेटफायर गाडीत टर्बो होता. नॉक टाळायला त्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जाई, पण ती टाकी मालकांनी वेळच्या वेळी भरायला हवी होती, आणि पुष्कळांनी ती भरलीच नाही. साबमध्ये पेर गिलब्रांड या अभियंत्याच्या चमूने मालकावर विसंबणं सोडलं. ब्लॉकवर एक सेन्सर बसवला, तो नॉकची कंपनं ऐकायचा, आणि नॉक सुरू होताच वेस्टगेटकडून (टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्टचा वायू सोडणारी झडप) बूस्ट खाली आणायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही एपीसी यंत्रणा साब ९०० टर्बोमध्ये आली. पेट्रोल चांगलं असेल तर गाडी जास्त बूस्ट घेई, हलकं असेल तर कमी. त्या गाडीच्या बूस्टच्या काट्यावर आकडे नव्हतेच, नुसते रंगीत पट्टे होते. माझ्या मते मोटारीच्या डॅशबोर्डवर बसलेलं ते सगळ्यात शहाणं मीटर. बूस्ट किती घ्यायचा हे त्या क्षणाचं पेट्रोल आणि त्या क्षणाची हवा ठरवतात, हे साबने यंत्रात उतरवून दाखवलं.

मग आपण काय करायचं? आधी इंजिनाची तब्येत. कॉम्प्रेशन तपासा, धुराच्या यंत्राने हवेची गळती शोधा, प्लग एक श्रेणी थंड घाला. इंजिन आधीच थकलेलं असेल तर ट्यूनिंगचा विषय तिथंच मिटवा. मग बूस्टला हात न लावता, नुसता डाउनपाइप बदलल्यावर काय झालंय ते मोजा. अनेकांना हे माहीतच नसतं: एक्झॉस्ट मोकळा झाला की कंपनीच्या छोट्या वेस्टगेटमधून पुरेसा वायू बाजूला जात नाही, आणि आरपीएमबरोबर बूस्ट आपोआप सरकत वर जातो. सेटिंग जुनंच, दाब नवा. अशा गाडीला आधी वेस्टगेटचं तोंड मोठं करून घ्यायला हवं. बूस्ट कंट्रोलर लावून उपयोग नाही.

दाबाच्या सेन्सरची खोटी वाचनं ईसीयूला देणारे डबे मिळतात, त्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. बूस्ट वाढलाय हे ज्याला कळायला हवं त्यालाच ते आंधळं करतात. सेन्सरचीही स्वतःची मर्यादा असते. अनेक गाड्यांत तो एकूण २.५ बारपर्यंतच मोजतो; त्यापुढे ईसीयूला काहीच दिसत नाही.

आता प्रत्यक्ष बूस्ट लावणं. हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करायचं. मध्यरात्री एक्सप्रेसवेवर नाही, कितीही रिकामा दिसला तरी. लॅपटॉप जोडा आणि एकूण दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, पेट्रोलचा दाब, लॅम्डा (प्रत्यक्ष हवा आणि पूर्ण जळायला लागणारी हवा यांचं गुणोत्तर), आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये नॉकमुळे ठिणगी किती अंश मागे गेली, हे सगळं नोंदवा. बूस्ट ०.१ बारने वाढवा, जास्त नाही. प्रत्येक टप्प्यावर लागोपाठ तीन ओढी घ्या आणि तिसरीचीच नोंद खरी माना, कारण पहिल्या ओढीत इंटरकूलर थंड असतो आणि सगळंच छान दिसतं. डायनोवरचे सुंदर आलेख बहुतेक पहिल्या ओढीचे असतात. ठिणगी एखाद-दुसरा अंश कधीतरी मागे गेली तर हरकत नाही. एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा तीन-चार अंश मागे जायला लागला की उत्तर मिळालं. तिथून दोन टप्पे खाली या आणि तिथं थांबा.

पेट्रोलबद्दल एक सांगायला हवं. इथेनॉलमुळे नॉक सहन करण्याची ताकद वाढते, त्यामुळे ई२० बूस्टच्या बाबतीत काही शत्रू नाही. पण शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते आणि ई२० ला साधारण १३.५. जुन्या पेट्रोलच्या हिशेबाचं हवा-इंधन मीटर वाचून कोणी मिश्रण ठरवत असेल तर तो चुकतो. लॅम्डाच्या भाषेत बोला; पूर्ण भाराला ०.८ ते ०.८८ च्या दरम्यान. आणि ९७ किंवा १०० ऑक्टेनच्या महाग पेट्रोलवर बूस्ट लावून घेतला असेल तर बार्शी-लातूरच्या रस्त्यावर ते मिळेल का, याचा विचार आजच करा. गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याच्या अटीही काम करण्याआधीच वाचा.

शेवटी आपल्या चाकणला बनलेली एक गाडी घेऊ, पोलो जीटी टीएसआय. २०१३ ला आली, इंजिन १२०० सीसीचं, कंपनीचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. तिच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. रीमॅपवाले खालच्या आरपीएमलाच सगळा टॉर्क ओततात, कारण गिऱ्हाइकाला पाठीत धक्का बसला की पैसे वसूल वाटतात. पण छोट्या, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात १५०० ते २५०० आरपीएमला, पाय दाबलेला असताना, तेलाच्या थेंबांमुळे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. ठिणगी मागे नेऊन हे थांबत नाही आणि एका फटक्यात पिस्टन जातो. २०२० ला आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या तेलात यासाठी वेगळी चाचणी आहे. तेच तेल घाला. आणि पोलोवाला आला की मी २५०० च्या खाली कंपनीचाच बूस्ट ठेवतो, वाढवायचं ते त्याच्या वर, आणि टॉर्क २२० च्या पुढे जाऊ देत नाही.