दोन बोटं माया

शिंप्यांना काम उरलं नाही, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हसा, सरळगाव, धसई, किन्हवली, बाजार कुठलाही घ्या. शिंपी मास्तर बसलेले दिसतात ते रेडिमेड पँटची उंची कमी करत.

ठाण्यातली रेमंडची गिरणी 1925 सालची. पूर्वी कापड तिचं आणि शिलाई गावच्या मास्तरची, अशी वाटणी होती. 1986 मध्ये त्यांचं पार्क अव्हेन्यू आलं ते तयार कपडे घेऊन. आता माप घेऊन शिवूनही तेच देतात. म्हणजे कापड, माप, शिलाई सगळं एका छपराखाली.

मला काळजी आहे ती मायेची. शिवणीच्या आत मास्तर दोन बोटं कापड राखतो, त्या मायेची. कारखान्यात थरावर थर रचून कापतात. तिथे अर्धं बोट वाचलं तरी पैसा वाचतो. मग उसवून सोडायला आत राहतं काय?

आपल्या घरी भात रांधताना माणसं मोजतात आणि वर मूठभर तांदूळ टाकतात. पाहुणा आला तर उपाशी जात नाही. नाही आला तर सकाळी फोडणीचा भात. खाणावळीत मात्र वाटी मोजूनच येते. माया म्हणजे ही वरची मूठ. आणि वाढत्या पोराच्या घरी पाहुणा दर सहा महिन्यांनी येतोच! थोरल्याची पँट आत घेऊन धाकट्याला दिली, की झाला फोडणीचा भात.

वाढत्या पोरांचा रोजचा कपडा म्हणजे शाळेचा गणवेश. 2024-25 मध्ये राज्य सरकारची ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. हेतू वाईट नव्हता. पण गणवेश उशिरा आले, मापं चुकली आणि डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला.

तेव्हा सिद्धगडाच्या पायथ्याच्या नारिवलीपासून शहापूरपर्यंतच्या समित्यांनो, ऐका. मे महिन्यातच मास्तरला शाळेत बोलवा. मुलांना रांगेत उभं करून मापं वहीत उतरवून घ्या. आणि कंबरेला नि पायाला दोन बोटं माया सोडायला लावा. पोरं वर्षभर वाढणार आहेत, गणवेशही त्यांच्याबरोबर वाढला पाहिजे.