कारागृहातील माणसास पत्र : हक्क आणि नियम

(विहारातील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरातील माणूस तुरुंगात गेला की सारे घर मुके होते. शेजारीपाजारी काय म्हणतील या धास्तीने त्याचे नाव घेणे बंद होते आणि त्याला पत्र लिहिणेही थांबते. ही रीत मोडली पाहिजे, एवढ्यासाठी मी आज बोलावयास उभा आहे.

२०२२ सालअखेर आपल्या देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. चारांपैकी तिघांचा खटला संपलेला नव्हता. न्यायालयाने ज्याला अद्याप दोषी ठरविले नाही, त्याला त्याच्या घराने दोषी ठरवावे काय?

तुरुंगाच्या दारात माणसाचे सारे हक्क गळून पडतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खोटी आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत पुस्तक लिहिले. ते प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास सरकारने मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. स्थानबद्धतेच्या अटींत ज्याला मनाई नाही, ते करण्यापासून त्यांना अडविता येत नाही, हे त्या निकालाचे सार. पुढे तिहारमधील सुनील बत्रा या बंदीने दुसऱ्या एका बंदीच्या छळाची हकीकत पत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कळविली. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि १९७९ साली निर्णय दिला. पत्राचे सामर्थ्य एवढे आहे.

परंतु हक्क बजावावयाचा तर नियम माहीत असले पाहिजेत. तेच आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पत्त्याची. बंद्याचे पूर्ण नाव, ठाऊक असल्यास त्याचा बंदी क्रमांक, ‘कारागृह अधीक्षक यांचे मार्फत’ हे शब्द आणि कारागृहाचा पत्ता पिनकोडासह लिहावा. येथे आपल्या कुटुंबांनी विशेष जपावयास हवे. धर्मांतरानंतर आपल्यापैकी अनेकांनी नाव वा आडनाव बदलले आहे. पाकिटावर मात्र न्यायालयाच्या वॉरंटात जे नाव आहे तेच लिहावे. नवे नाव आत, पत्रात प्रेमाने लिहावे. नाव जुळले नाही तर पत्र योग्य हाती पडणे कठीण होते. पाठविणाऱ्याने आपलेही पूर्ण नाव, पत्ता व नाते लिहावे.

दुसरी गोष्ट मजकुराची. आपले पत्र बंद्याच्या हाती पडण्यापूर्वी कारागृहाचे अधिकारी ते उघडून वाचू शकतात, हे पक्के लक्षात ठेवा. म्हणून खटल्यातील हकीकत, साक्षीदारांची नावे, कोणी काय सांगावे याची चर्चा पत्रात चुकूनही करू नका. ते काम वकिलाचे आहे, आणि ते समक्ष भेटीत व्हावे. सांकेतिक शब्दही वापरू नका. साध्या वाक्यावरही संशय येतो. मुलांची शाळा, आईची प्रकृती, शेताचे वा नोकरीचे वर्तमान, पुढील तारीख हे लिहा. स्वच्छ अक्षरात, थोडक्यात लिहा.

तिसरी गोष्ट पाकिटात घालावयाच्या वस्तूंची. नोटा, औषधे, तंबाखू, सिमकार्ड यांतील काहीही घालू नका. निषिद्ध वस्तू आत पोहोचविणे हा १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ४२ व्या कलमानेच शिक्षापात्र गुन्हा ठरविला होता. आजही त्यात सवलत नाही. पैसे मनीऑर्डरने पाठवावेत आणि रकमेची मर्यादा आधी कारागृहाच्या कार्यालयात विचारावी. पुस्तके पाठविण्यापूर्वीही तेथे चौकशी करावी.

चौथी गोष्ट पुराव्याची. महत्त्वाचे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. जुने रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून त्यातच विलीन झाले आहे. पावती आणि पत्राची नक्कल जपून ठेवा. पत्र पोहोचले नाही तर अधीक्षकांना लेखी अर्ज करा व पत्र अडविल्याचे कारण लेखी मागा. तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाने कोठडीतील प्रत्येक माणसास मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीसही तो हक्क आहे.

आतून येणारे पत्रही पाकिटासह जपा. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरविले आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. आपला माणूस लिहीत असेल की, जात विचारून मला झाडूकाम दिले, तर ते पत्र रद्दी समजू नका. ते घेऊन वकिलाकडे जा.

भगिनींनो, लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्या. पंधरा दिवसांतून एक तरी पत्र जावे. ज्याची घरचे लोक विचारपूस करतात, त्याला आत धीर राहतो, आणि आपल्या हक्कासाठी बोलण्याचे बळही राहते.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. जयभीम!