आधी यंत्राला कुंपण



दरवर्षी 4 मार्चला आपल्याकडच्या कारखान्यांत राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. 1966 साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, म्हणून ही तारीख. पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी कामगार रांगेत उभे राहतात, छातीवर बिल्ला लावतात आणि सुरक्षेची शपथ घेतात. या उपक्रमाला माझा मुळीच विरोध नाही. पण ज्या कायद्याच्या आधारावर हे सगळे उभे आहे तो उघडून पाहिला, तर त्यात पहिले कर्तव्य मालकाचे सांगितले आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात कलम 7-ए घालण्यात आले. कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण वाजवी रीतीने शक्य असेल तितके सांभाळणे हे भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्याचे, कर्तव्य ठरले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनेही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचा भार मालकावरच टाकला आहे. शपथ मात्र कामगार घेतो.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. सुरक्षेचे कायदे आणि त्यावरचे सरकारी मार्गदर्शन माणसाचे लक्ष कधी ना कधी ढळणार हे धरून चालते. आपण मात्र ते माणसाने लक्ष ढळू देऊ नये म्हणून केलेला उपदेश असल्यासारखे वाचतो. या वाचनातून अपघाताच्या नोंदीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण येते, आणि ते लिहून झाले की यंत्र दुसऱ्या दिवशी होते तसेच सुरू होते.

हे नेमके कसे घडते ते एका यंत्रावर पाहू. पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात वाहन कंपन्यांना क्लॅम्प, ब्रॅकेट, वॉशर असे पत्र्याचे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या शेड आहेत. तिथले मुख्य यंत्र म्हणजे पॉवर प्रेस. वर जड फ्लायव्हील सतत फिरत असते. ऑपरेटरने पायाने पेडल दाबले की क्लच अडकतो आणि रॅम खाली येऊन डायवर आदळतो. पट्टी ठेवायची, पेडल दाबायचे, जॉब काढायचा, पुन्हा पट्टी ठेवायची. एका शिफ्टमध्ये हीच हालचाल हजारो वेळा होते. पट्टी जरा तिरकी बसली म्हणून हात तिला सरळ करायला जातो आणि सवयीने पाय खाली जातो. इतकेच पुरे होते. जुन्या प्रेसना पिन क्लच असतो, आणि त्याचा एक गुण नीट समजून घ्यायला हवा. तो एकदा अडकला की फेरा पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. रॅम अर्ध्या वाटेवर थांबवण्याची सोयच त्यात नसते. म्हणून अशा प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, बसवला तरी हात वाचत नाही. सेन्सरला बोट दिसते, पण रॅम खाली येतोच. शिवाय पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर पेडल न दाबताही दुसरा ठोका पडतो. त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. त्या क्षणी कामगार कितीही सावध असला तरी त्याचा हात जॉब काढण्यासाठी डायमध्येच असतो, कारण काम तसेच आखलेले असते.

यावरचे उपाय तंत्रज्ञांना जुन्या काळापासून माहीत आहेत. डायभोवती असा पक्का गार्ड, की फटीतून पट्टी जाईल पण बोट जाणार नाही. पट्टी आपोआप पुढे सरकवणारा फीडर. किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचची प्रेस, जी कुठल्याही क्षणी थांबवता येते आणि जिच्यावर लाइट कर्टन किंवा दोन हातांची बटणे खरोखर काम करतात. बटणे डायपासून किती दूर असावीत याचेही गणित आहे. आंतरराष्ट्रीय मानक त्यासाठी हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरते. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात 40 सेंटिमीटर जातो, म्हणून बटणे त्याहून लांबच हवीत. या गणितात कामगाराच्या सावधपणासाठी एकही आकडा ठेवलेला नाही. धोका मुळातून काढा, ते जमत नसेल तर कमी धोक्याची पद्धत आणा, मग यंत्राला अडसर घाला, त्यानंतर सूचना आणि प्रशिक्षण, आणि अगदी शेवटी हातमोजे-हेल्मेट, हा क्रम जगभरच्या मार्गदर्शनात याच कारणाने आला. आपल्या शेडमध्ये तो उलटा चालतो. हातमोजे आधी येतात, भिंतीवर पाटी लागते, आणि गार्डचा विषय पुढच्या वर्षावर जातो. रॅमखाली हातमोजा काहीही वाचवत नाही.

हा विचार आपल्या कायद्याला नवा नाही. 1881 च्या पहिल्या कारखाने कायद्यातही धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची तरतूद होती. 1948 च्या अधिनियमातले कलम 21 सांगत होते की यंत्राचे धोक्याचे भाग भक्कम आडोशाने झाका, आणि यंत्र चालू असेपर्यंत तो आडोसा जागेवर ठेवा. ज्या ब्रिटिश कायद्याच्या घडणीवर आपला कायदा बेतला, त्यातला 1955 चा एक निवाडा इथे महत्त्वाचा आहे. ग्राइंडिंगच्या चाकात एका कामगाराचा अंगठा सापडला. कंपनीचे म्हणणे असे, की चाक पूर्ण झाकले तर त्यावर कामच करता येणार नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानले नाही. कुंपण घातल्याने यंत्र निरुपयोगी होत असले तरी कुंपणाचे कर्तव्य सुटत नाही, असे त्यांनी ठरवले. त्याआधीच्या निवाड्यांतही हे स्पष्ट झाले होते की कुंपण दक्ष कामगारासाठी असते तसेच बेसावध कामगारासाठीही असते. दक्ष माणूस एरवीही बराचसा वाचतो. कुंपणाची खरी गरज दुपारी जेवण झाल्यावर डोळे जड झालेल्याला, ओव्हरटाइमच्या शेवटच्या तासातल्याला आणि कालच ठेकेदाराने आणलेल्या हेल्परला असते.

मग निष्काळजीपणाचा सिद्धान्त इतका घट्ट कसा बसला? त्याचे एक मूळ अमेरिकेत सापडते. विमा कंपनीत काम करणाऱ्या एच. डब्ल्यू. हाइनरिख यांनी 1931 साली अपघात प्रतिबंधावर पुस्तक लिहिले आणि 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीने होतात असा आकडा मांडला. सुरक्षा प्रशिक्षणाच्या वर्गांत तो आजही सांगितला जातो. पण हाइनरिख यांनी तो विम्याच्या दाव्यांच्या फायली आणि कारखानदारांच्या नोंदी यांवरून काढला होता. त्या नोंदीत कारण कोणी लिहिले असेल? मालकाने किंवा सुपरवायझरने. ज्याच्यावर दोष येऊ शकतो त्यानेच भरलेल्या कागदावर दोष दुसऱ्याचा निघाला, तर तो पुरावा फार तोलून घ्यायला हवा. आणि याच हाइनरिख यांनी यंत्राला गार्ड घालण्यावरही भरपूर लिहिले, ते मात्र आकड्याइतके पसरले नाही. आपल्याकडे सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांशी बोलून ते तयार होतात. कामगाराला विचारले की बोटे तुटण्यात पॉवर प्रेस पुढे दिसते, आणि तिच्यावर सुरक्षेची साधने नसल्याचे पुन्हा पुन्हा समोर येते. प्रश्न कोणाला विचारला यावर उत्तर इतके बदलते.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत जोरदार आक्षेप असा, की कामगार स्वतःच गार्ड काढून ठेवतात. हे खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. 1923 च्या भरपाई कायद्यातही, मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल तर, गार्ड जाणूनबुजून काढणाऱ्याची भरपाई नाकारण्याची मुभा मालकाला होती. पण गार्ड का काढला जातो, हे त्या प्रेसजवळ उभे राहून पाहावे. गार्डमध्ये जॉब अडकतो, प्रत्येक नगामागे दोन-तीन सेकंद जास्त लागतात, आणि तासाचे टार्गेट मात्र गार्ड नसताना घड्याळ लावून ठरवलेले असते. मग टार्गेट पुरे करायचे तर गार्ड काढण्यावाचून त्याला मार्ग उरत नाही, आणि ते सुपरवायझरला दिसत असते. टार्गेट गार्ड लावूनच मोजा, एवढा एक बदल दहा पाट्यांपेक्षा जास्त काम करील. दोन बटणांपैकी एक पट्टीने बांधून टाकतात, हीही तक्रार असते. त्यावर उत्तर यंत्रात आहे. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच रॅम उतरेल आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडावीच लागतील, असे सर्किट मिळते. बांधलेले बटण तिथे चालत नाही.

दुसरा आक्षेप लघुउद्योजकाचा. पाच-सहा प्रेसच्या शेडवाल्याने हा खर्च कुठून करायचा? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पक्का गार्ड लोखंडी पट्ट्या आणि जाळी वापरून त्याच शेडमध्ये वेल्डिंग करून होतो. फ्रिक्शन क्लचची नवी प्रेस मात्र खरोखर महाग आहे. तरीही ‘वाजवी रीतीने शक्य’ या कसोटीचा अर्थ परवडेल तेवढे असा नाही. 1949 साली कोळसाखाणीच्या एका खटल्यात ब्रिटनच्या न्यायालयाने ती समजावली. एका बाजूला धोका ठेवायचा, दुसऱ्या बाजूला तो टाळण्याचा पैसा, वेळ आणि त्रास, आणि हा खर्च धोक्याच्या मानाने अवाच्या सवा असेल तरच माघार घेता येते. मालकाची ऐपत त्या तराजूत नाही. आणि न केलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या घरात जातो. 1923 च्या त्याच भरपाई कायद्याच्या अनुसूचीत बोटांचे दर दिलेले होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के कमी झाली असे धरायचे, तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, एका हाताची चारही बोटे गेली तर 50. पण चार बोटे गमावलेल्या विशीतल्या मुलाला प्रेसवर निम्म्या पगाराचे काम कोणी देत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली सुमारे 5,500 सह्यांचा अर्ज केला, तेव्हा कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचा अधू झालेल्याच्या उपजीविकेची सोय, या मागण्या त्यात होत्या. टक्केवारीने ती सोय अजून झालेली नाही.

तिसरे म्हणणे इन्स्पेक्टर राजचे. तपासणी वाढली की हप्ते वाढतात, म्हणून निरीक्षक कमी बरे. नव्या संहितेने निरीक्षकाला सुविधाकाराचीही भूमिका दिली आहे, सल्ला देणारा अधिकारी म्हणून तिचे मी स्वागत करतो. पण त्याच संहितेत वीज वापरणारा कारखाना म्हणून गणले जाण्याची मर्यादा 20 कामगार आहे. 1948 च्या मूळ अधिनियमात ती 10 होती. पॉवर प्रेसची कितीतरी शेड याच दोन आकड्यांच्या मध्ये येतात. रॅमचा जोर कामगारांच्या संख्येवर ठरत नाही. धोक्याच्या यंत्रांसाठी डोकी मोजण्यापेक्षा यंत्रे मोजावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. भ्रष्टाचाराचे उत्तर भ्रष्टाचारावर कारवाई हे आहे, यंत्र न तपासणे हे नाही.

या शेडपर्यंत रोज पोहोचणारा आणखी एक तपासनीस आहे, त्याच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. तो म्हणजे माल घेणारी कंपनी. ब्रॅकेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकले तर ती लॉट परत पाठवते. पुरवठादाराचे ऑडिट करते, गेज तपासते, नोंदवह्या उलटून पाहते. नगाचा दरही तीच ठरवते, आणि त्या दरात गार्डसह लागणारे सेकंद धरायचे की नाहीत हेही तिच्याच हातात असते. प्रेसचा क्लच कोणता आहे, गार्ड जागेवर असताना तासाला किती नग निघतात, डबल स्ट्रोकची तक्रार शेवटची केव्हा आली आणि त्या दिवशी प्रेस बंद ठेवली का, हे चार प्रश्न त्याच ऑडिटच्या कागदावर लिहिता येतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि पुढच्या ऑर्डरपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.